आतला व्यास

कुमुदचा मला हेवा वाटायचा, एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला साठी ओलांडावी लागली. आजवर कुणीही विचारलं की मी सांगायची, आम्ही दोघी सख्ख्या बहिणींसारख्या वाढलो. त्यात खोटं काही नाही. सख्ख्या बहिणींमध्ये काय काय चालतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी आणखी वेगळं काय सांगणार? कुमुद माझी आतेबहीण, धुळ्याची. जळगावच्या पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलच्या डिप्लोमाला तिला जागा मिळाली आणि त्याच वर्षी, त्याच वर्गात मलाही मिळाली, म्हणून ती आमच्याकडे असोद्याला राहायला आली. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि कापडात बांधलेलं एक जुनं लॉगटेबल, एवढाच तिचा संसार. आईने माझ्या खुंटीवरचे माझे कपडे काढून तिच्यासाठी अर्धी खुंटी मोकळी केली. त्या अर्ध्या खुंटीचा राग मी दोन वर्षं सांभाळला. राग सांभाळण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे आमच्या घरातले लोक आजही सांगतील.

आमचं घर असोद्याच्या भरवस्तीत, रस्त्याला लागून. पहाटेची एसटी वळणावर हॉर्न द्यायची तेव्हा आई भाकऱ्या थापत असायची, आणि त्या थपथपीवरून आज कळण्याची आहे की ज्वारीची हे मला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. कळण्याच्या पिठात उडीद असतात, त्यामुळे ते हाताला चिकटतं आणि थापण्याचा आवाज जरा बसका येतो. नाना, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसून रेडिओवरचे बाजारभाव ऐकायचे. भाकरीबरोबर ठेचा, शेंगदाण्याची चटणी, डब्यात तेच, आणि थंडीत वांग्याचं भरीत. कुमुद आली आणि या सगळ्या आवाजांत तिचा एक आवाज मिसळला. ती शहरात वाढलेली, शाळेत शुद्ध बोलायची, पण जरा घाई झाली की तिच्या तोंडून धुळ्याकडचं 'शे' निसटायचं. "मामी, मना डबा कोठे शे?" असं ती म्हणाली की माझा धाकटा भाऊ पोट धरून हसायचा. मीही हसायची. माझं हसणं त्याच्याएवढं निर्मळ नव्हतं. तिचं काहीतरी एक चुकतंय याचाच मला आधार वाटायचा, कारण बाकी तिचं काहीच चुकत नसे.

धुळ्याहून तिला दर पंधरा दिवसांनी कार्ड यायचं. आत्याचं अक्षर वाकडंतिकडं, ओळी उताराला लागलेल्या, आणि शेवटी सगळ्यांना नमस्कार. आतोबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, अक्षर त्या कार्डावर कधीच नसायचं. पोरीची जात, खांब-पूल शिकून काय करणार, असं म्हणून त्यांनी तिच्या ॲडमिशनच्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. पण माहीत असणं आणि मनात घेणं यांत केवढं अंतर असतं, ते त्या वयात कळत नाही. मला एवढंच दिसायचं की कार्ड आलं की कुमुद ते उलटसुलट करून दोन्हीकडून बघते, मग लॉगटेबलात ठेवते आणि अभ्यासाला बसते. मला वाटायचं, काय मेली अभ्यासाची हौस!

आता नानांविषयी. नाना चौथी शिकलेले, पण आकड्यांचे भारी शौकीन. शेतातलं कुठलंही माप ते स्वतः घ्यायचे. त्यांच्याकडे एक सुताची दोरी होती, दर मीटरला गाठ आणि दर दहा मीटरला लाल चिंधी. शेत मोजायचं म्हटलं की दोरीचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं माझ्या. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून ते टोक माझं होतं. बांधावर उभं राहून मी ओरडायची, "नाना, ताणा!" आणि ते पलीकडून म्हणायचे, "सोडू नको व सुमे!" बोलून लाड करणारा माणूस नव्हता तो. आमचे जे काय लाड झाले ते त्या दोरीवर झाले. मी डिप्लोमाला गेले त्यामागेही ती दोरीच होती, असं मला आता वाटतं.

कुमुद येऊन महिना झाला असेल नसेल, नाना केळीच्या नव्या लागवडीची जागा मोजायला निघाले. मी परकर बदलून बाहेर आले तोवर कुमुद दोरीचं दुसरं टोक घेऊन शेताच्या वाटेला लागली होती. नानांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. ती समोर होती, त्यांनी टोक तिच्या हातात दिलं, संपलं. मी ओसरीच्या पायरीवर बसले आणि आईने विचारल्यावर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. त्या दिवशी जे दुखायला लागलं ते काही डोकं नव्हतं.

वर्गात साठ मुलं आणि आम्ही दोघी. सर फळ्यावर सूत्र लिहायचे आणि एखादं पद उजवीकडून डावीकडे न्यायला सांगायचे. माझी पद्धत अशी की सूत्र आहे तसंच ठेवायचं, अज्ञात जागी एक अंदाजाचा आकडा टाकायचा, गणित करून बघायचं, उत्तर जास्त आलं तर आकडा कमी करायचा, कमी आलं तर वाढवायचा. कासवाची चाल, पण पोचायची. कुमुद तसं करत नसे. ती सूत्राकडे थोडा वेळ नुसती बघत बसायची, मग एकेक पद अलगद पलीकडे पोचवायची, भाजी निवडताना देठ बाजूला काढावेत तसं, आणि शेवटी जे हवं ते एकटं डावीकडे उरायचं. सर म्हणायचे, "हे बघा, याला म्हणतात उलगडणं." साठ माना तिच्याकडे वळायच्या. माझी वळायची नाही.

दुसऱ्या वर्षी नानांनी नाल्याकडच्या पट्टीत केळी लावायची ठरवली. ती पट्टी विहिरीपासून लांब, आणि मधल्या शेतातून पाट काढला तर निम्मं पाणी जमीनच पिऊन टाकायची. तेव्हा गावात नुकतेच प्लास्टिकचे पाइप येऊ लागले होते. नानांनी विहिरीजवळच्या उंचवट्यावर सिमेंटचा हौद बांधला. पंपाने पाणी हौदात चढवायचं आणि तिथून जमिनीखालच्या पाइपने ते आपल्या वजनाने नाल्याकडे उतरू द्यायचं. दोरीने अंतर मोजलं, ते भरलं सहाशे मीटर. हौदातल्या पाण्यापासून पट्टीपर्यंतचा उतार आम्ही दोघींनी कॉलेजमधून लेव्हलचं यंत्र मागून आणून काढला, तो आला पाच मीटर. पंप सेकंदाला तीन लिटर पाणी द्यायचा. वीज मोजके तास. तेवढ्या तासांत पंप जेवढं देतो तेवढं सगळं पाइपने पलीकडे नेलं तरच शेवटच्या ओळीतल्या केळीचा घसा ओला होणार होता. प्रश्न एवढाच होता, की पाइप केवढा घ्यायचा? शेजारचे भाऊ म्हणाले अडीच इंची पुष्कळ झाला. दुकानदार म्हणाला चार इंचीच घ्या. नानांचा एकावरही विश्वास बसेना.

एका रविवारी दुपारी जेवणं झाली, आई बडगीतलं, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यातलं, उरलेलं भरीत काढून ठेवत होती, आणि नाना सुपारी कातरत म्हणाले, "दोन दोन इंजिनेर घरात हायेत आन् मी लोकाले इचारत फिरतो! कुमुद, तू सांग पोरी, केवढा पाइप घेऊ?" मी त्यांच्या समोर बसले होते. कुमुद माझ्या मागे, दाराशी. माझ्या डोक्यावरून गेला तो प्रश्न. आयुष्यात माझे पुष्कळ अपमान झाले, काही तर भरल्या सभेत झाले, पण इतक्या प्रेमळ आवाजात झालेला तो एकच.

आम्ही दोघी गणिताला बसलो. ती ओसरीवर, मी माडीवर. सूत्र दोघींना पाठ होतं. पाइपातून जाताना पाणी घासून जोर गमावतं. किती गमावतं ते पाइपच्या लांबीवर, पाण्यावर आणि व्यासावर ठरतं, आणि त्यात व्यास येतो तो एकटा नाही, स्वतःशीच पाच वेळा गुणलेला. सूत्र मिळतं ते जोर काढण्यासाठी. आम्हाला तर जोर माहीत होता, पाच मीटर, आणि हवा होता व्यास. म्हणजे सूत्र उलटं करायचं, पाचवा घात एका बाजूला आणायचा आणि मग त्याचं पाचवं मूळ काढायचं. कॅल्क्युलेटर तेव्हा आमच्या सरांकडेसुद्धा नव्हता. लॉगटेबल उघडायचं. आणि तिथे एक खोच होती. संख्या इतकी लहान, की तिच्या लॉगमध्ये डोक्यावर रेघ असलेला सहा येत होता, म्हणजे उणे सहा, आणि त्याच्या मागचे दशांश मात्र अधिक. त्याला पाचाने भागायचं कसं? उणे आणि अधिक एकाच आकड्यात नांदत असलेले. माझं डोकं तिथेच चालेनासं झालं. मी आपली पुन्हा अंदाजाचे आकडे टाकत बसले.

जिन्यावरून मला कुमुदचा कागद दिसत होता. सहाला पाचाने भाग जात नाही म्हणून तिने त्या उणे सहाचे उणे दहा केले, आणि जास्तीचे काढलेले चार दशांशांच्या बाजूला परत देऊन टाकले. आता उण्याला भाग जातो, अधिकालाही जातो. एका ओळीत झालं. मी तीसेक वर्षं मुलांना शिकवून आता निवृत्त झाले, ही युक्ती मी शेकडो वेळा फळ्यावर केली, आणि दर वेळी खडू उचलताना मला ती ओसरी आठवली. उत्तर आलं साडेत्र्याहत्तर मिलिमीटर. "मामा, पंचाहत्तरचा पाइप घ्या. शेजारचे भाऊ म्हणतात तोच, दुकानात त्यालाच अडीच इंची म्हणतात," कुमुद म्हणाली. नानांनी तो कागद हातात घेतला. सूत्रातलं त्यांना काही समजत नव्हतं, तरी प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत खाली आले आणि म्हणाले, "बठ्ठं कसं एका बाजूले आनलं पोरीनं!" मग कागदाची घडी करून टोपीत ठेवली. नाना टोपीत फक्त जपायच्या गोष्टी ठेवायचे. माझी एकही वस्तू कधी त्या टोपीत गेली नव्हती.

पाइप आले ट्रॅक्टरने. अंगणात त्यांची रास लागली, राखाडी, सहा सहा मीटरचे नग. चार दिवस ते तसेच पडून राहणार होते, कारण चर खणणं चालू होतं. दुकानदाराने सांगितलं होतं, उन्हात ठेवू नका, आणि बदलून पाहिजे असले तर न वापरलेले परत आणा. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी ड्रॉइंगच्या पेटीतली स्टीलची पट्टी घेऊन राशीशी गेले. का गेले? खरं सांगायचं तर चूक शोधायला गेले. पाइप बरोबर आहे का हे बघायला नाही, कुमुद चुकलीय का हे बघायला. पट्टी तोंडावर आडवी धरली. बाहेरून बाहेर पंचाहत्तर. आतून आत एकोणसत्तर. पुन्हा मोजलं. दुसऱ्या पाइपवर मोजलं. एकोणसत्तर. दुकानात पाइपला जो आकडा असतो तो बाहेरचा. पाणी वाहतं ते आतून. भिंतीची जाडी दोन्हीकडून तीन-तीन मिलिमीटर खाऊन बसली होती, आणि कुमुदने आयुष्यात पाइप कागदावरच पाहिला होता.

मी माझ्या कासवाच्या चालीने बसून हिशेब केला. सहा मिलिमीटरनी काय होतंय, असं कुणालाही वाटेल. पण तोच पाचवा घात इथे आडवा आला. जो फरक बोटभरही नाही तो पाच वेळा गुणला गेला की मोठा होतो. एकोणसत्तरमधून सेकंदाला तीन लिटर जातच नव्हते, अडीचच्या आसपास जात होते. माझ्या पद्धतीला सूत्र उलटं करावं लागलं नाही, लॉगची खोचही लागली नाही. मी बरोबर होते. पहिल्यांदा कुमुद चूक आणि मी बरोबर. पेन्सिलीने मी वरच्या पाइपच्या तोंडाशी आतल्या बाजूला '६९' लिहिलं, का लिहिलं कुणास ठाऊक, बहुतेक माझं माझ्याच डोळ्यांना दिसावं म्हणून. मग नानांना सांगायला उठले, आणि परत बसले.

त्या बसण्याबद्दल मला लिहायचंय, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. मी सांगितलं असतं तर पाइप बदलून आले असते, नव्वद मिलिमीटरचे, म्हणजे दुकानातले तीन इंची, आले असते, आणि कुमुद म्हणाली असती, "अय्या, खरंच की!" नाना म्हणाले असते, "दोघी मिळून केलं पोरींनी." दोघी मिळून! मला ते नको होतं. मला तिचं उत्तर सगळ्यांच्या देखत कोरडं पडलेलं बघायचं होतं. टोपीतला तो कागद बाहेर निघालेला बघायचा होता. शेवटच्या ओळींतली केळी माझ्या बापाचीच आहे, हेही मला त्या वेळी समजत होतं. समजत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

पाइप जोडायच्या दिवशी शेतातच भरताचा बेत होता. आमच्याकडे शेतात काही नवं झालं की तसाच रिवाज. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी टाकलेली, आई बडगीत मिरच्या ठेचतेय, कांद्याची पात, कळण्याच्या पुऱ्या, निम्मं गाव जेवायला. कुमुद चरात उतरून स्वतः चिकटवायचं सोल्युशन लावत होती, एका पाइपचं टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवत होती. हात काळे, कपाळाला माती. मी काठावर उभी राहून नग पुढे सरकवत होते. चर बुजवला, नारळ फुटला. नाना म्हणाले, "कुमुद, कॉक तू फिरव." तिने फिरवला. सहाशे मीटरवर, नाल्याकडे, माझा भाऊ ओरडला, "आलं! आलं पानी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी कुमुदच्या डोक्यावर हात ठेवला. मी कुणाकडेच बघत नव्हते. मी हौदाकडे बघत होते.

तासाभराने हौद भरला. मग काठावरून पाणी सांडू लागलं, आधी थेंब थेंब, मग मनगटाएवढी धार. पाहुण्यांना वाटलं, पाणी भरपूर आहे. कुणीतरी म्हणालंही, "नाना, लक्ष्मी उतू चालली!" नाना हसले, आणि हसता हसता थांबले. त्यांना सूत्र येत नव्हतं, पण पाणी येत होतं. पंप देतोय तेवढं पाइप घेत नाहीये, म्हणून ते सांडतंय, हे त्यांच्या लक्षात यायला दोन मिनिटं लागली असतील. ते नाल्याकडे चालत गेले, परत आले. "शेवटच्या सहा-सात ओळींले पुरत नाई," ते म्हणाले. कुमुद उभी राहिली. तिचा चेहरा मातीने माखलेला. "मामा, माझं गणित चुकलं," एवढंच ती म्हणाली. काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही.

आणि मग नाना माझ्याकडे वळले. "सुमे, तू बी त तेच शिकू ऱ्हायली. तुले काय वाटते, काय चुकलं?"

दोन वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट पाहत होते तो हा. माझ्या तोंडून उत्तर धबाधबा बाहेर पडलं. पाइपचा आकडा बाहेरचा असतो, नाना. पाणी आतून जातं. आतून तो एकोणसत्तरच आहे. त्यातून तीन जात नाही, अडीच जातं. नव्वदचा घ्यायला पाहिजे होता. मी थांबले तेव्हा माझे गाल गरम झाले होते. नाना ऐकत होते. त्यांची मान हलली, पटलं त्यांना. मग ते हळूच म्हणाले, "कव्हा मोजला तू?"

"आत्ताच," मी म्हणाले.

नानांनी चराकडे पाहिलं. सहाशे मीटर पाइप मातीखाली होता, वरची माती पायांनी दाबून झाली होती, आणि अंगणात एक तुकडासुद्धा उरला नव्हता, कारण नानांनी मोजून आणला होता.  माझ्याकडे त्यांनी फार वेळ पाहिलं नाही. वाकून हात धुतले आणि पाहुण्यांना वाढायला गेले. त्या दिवशीचं भरीत मी खाल्लं की नाही ते मला आठवत नाही. पण बडगीतला तो ठकठक आवाज संध्याकाळपर्यंत चालू होता, ते पक्कं आठवतं.

पुढल्या वर्षी नानांनी हौदापासून आणखी एक बारका पाइप टाकला आणि पट्टी भिजू लागली. कुमुदला ते एका शब्दाने लागेल असं बोलले नाहीत. मलाही नाही. फक्त शेत मोजायची दोरी त्यानंतर ते माझ्या भावाबरोबर नेऊ लागले. नाना जाऊनही आता किती वर्षं झाली. त्या 'आत्ताच'बद्दल मी त्यांच्याशी कधी बोलू शकले नाही. धुळ्याच्या पॉलिटेक्निकात मी नोकरीभर पाणीपुरवठा शिकवला. पोरांना पहिल्या तासाला सांगायची, पाइपचा आकडा ऐकू नका, पट्टी घ्या आणि आतून मोजा. पोरांना वाटायचं बाई व्यवहारी आहेत.

गेल्या हिवाळ्यात मी शिरपूरला कुमुदकडे गेले. ती तिथेच असते, नवरा गेल्यापासून एकटी, गच्चीवर कुंड्यांत भाज्या लावते आणि त्यांना ठिबकच्या बारीक नळ्या स्वतः जोडते. आम्ही गच्चीवर ऊन खात वांगी निवडत बसलो होतो. धुळ्याहून बसने येताना मी वाक्य पाठ करत आले होते. ते नीट बोलताच आलं नाही. म्हणाले, "कुमुद, तो पाइप मी आधीच मोजला होता. अंगणात होता तेव्हाच. तुला तोंडघशी पडलेलं बघायचं होतं मला."

तिच्या हातातलं वांगं थांबलं नाही. देठ काढून तिने ते पाण्यात टाकलं. "माले माहीत शे," ती म्हणाली.  "तुना नऊ आकड्याले लांब शेपटी शे ना. पाइपच्या तोंडात लिहिलेलं होतं, एकोणसत्तर. जोडायच्या दोन दिवस आधी मी पाहिलं. पाहिल्याबरोबर कळलं मला काय चुकलंय ते."

दोन दिवस आधी! म्हणजे पाइप अंगणातच होते. बदलून आणता आले असते. मी म्हटलं, मग तू का नाही सांगितलंस? तुझंच तर गणित होतं.

कुमुदने पुढचं वांगं उचललं. ते टोक तिने स्वतःच दुसऱ्या पाइपात बसवलं होतं, ती म्हणाली, अंगठ्याने पुसून, वर सोल्युशन लावून, कुणाला दिसू नये म्हणून. मामांना सांगितलं असतं तर कागद टोपीतून निघाला असता.  खाली रस्त्यावरून कापसाची गाडी गेली, तिचा आवाज संपेपर्यंत तिने आणखी एका वांग्याचं देठ काढलं.

"तुले नाना व्हतात, सुमे," ती म्हणाली. "माले ते एक उत्तर व्हतं."

पातेल्यातलं पाणी काळपट झालं होतं. तिने ते कुंड्यांना घातलं, आणि मी उठून दुसरं भरून आणलं.